दोघींनी जायचं

दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, आमच्या सिमेंटरीत जत्रेसारखी गर्दी असते. कबरी आदल्या दिवशीच धुऊन ठेवलेल्या असतात, त्यांच्यावर झेंडू-शेवंतीच्या पाकळ्यांचे क्रूस मांडलेले असतात, आणि वाऱ्याने मेणबत्त्या विझू नयेत म्हणून कुणीतरी प्लास्टिकच्या बाटल्या अर्ध्या कापून त्यांचा आडोसा केलेला असतो. पवित्र पाणी शिंपडत फादर रांगेरांगेने येतात. ते येईपर्यंत आपापल्या माणसापाशी उभं राहायचं. मी आजीपाशी उभी होते. वितळलेल्या मेणाचा, चुरगळलेल्या झेंडूचा आणि नव्या चुन्याचा असा एक मिश्र वास तिथे असतो, तो मला खरं सांगायचं तर आवडतो. तेवढ्यात आमच्या आळीतले एक काका काठी टेकत आले. त्यांनी आजीच्या कबरीवर मेणबत्ती लावली, क्रूसाची खूण केली आणि माझ्याकडे न बघताच विचारलं, "काय गं, तुझी आजी त्या मिटिंगात माझ्याबद्दल काय सांगायची?"

मला काय माहीत! मी तसं म्हटलंही. "लिहिलेलं असेल ना कुठेतरी? त्यांची वही असायची," ते म्हणाले. मग फादर जवळ आले, पाण्याचे चार थेंब अंगावर उडाले, काका हात जोडून पुढच्या रांगेत त्यांच्या बायकोच्या कबरीकडे गेले. बोलणं तिथेच राहिलं. पण ऐंशीच्या घरातल्या माणसाला इतक्या वर्षांनी हे जाणून घ्यायचं होतं, हे काही डोक्यातून जाईना.

मिटिंग म्हणजे लीजन ऑफ मेरीची, मरियामातेच्या नावाने चालणाऱ्या कॅथलिक सेवामंडळाची. आमच्या वसईत पॅरिश, म्हणजे एका चर्चखालचा परिसर, म्हटलं की दहा मंडळं असतात, आणि बाहेरच्याला ती सगळी सारखीच वाटतात. पण लीजनचं प्रकरण वेगळं. १९२१च्या सप्टेंबरात डब्लिनमध्ये फ्रँक डफ नावाच्या एका सरकारी नोकराने आणि मूठभर बायकांनी एका खोलीत टेबलावर मरियामातेचा पुतळा ठेवला, दोन मेणबत्त्या लावल्या, दोन फुलदाण्या मांडल्या आणि ठरवलं की दर आठवड्याला दोघा-दोघांनी मिळून आजाऱ्यांना भेटायला जायचं. तीच मांडणी, तेच पांढरं कापड, त्याच दोन फुलदाण्या आमच्या पॅरिश हॉलच्या मागच्या खोलीत मी लहानपणी पाहिल्या आहेत. फरक इतकाच, की फुलं आमच्या परसातली, अबोली नाहीतर सोनटक्का. आयर्लंडमधल्या कुणा कारकुनाची शिस्त वसईच्या केळीच्या वाडीत येऊन इतकी मुरली, की आजीला ती परकी आहे हे सांगूनही पटलं नसतं.

मिटिंगचा साचा ठरलेला. गुडघ्यावर येऊन रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, मग थोडं वाचन, मग मागच्या आठवड्याचं टिपण, आणि मग कामाचा रिपोर्ट. प्रत्येकीने उठून सांगायचं, कुणाकडे गेलो, काय झालं, किती वेळ बसलो. मध्येच सगळ्यांनी उभं राहून एक प्रार्थना, शेवटी एक कापडी थैली फिरायची. त्यात प्रत्येकीने मूठ घालायची, आत पाच रुपये सोडले की काहीच नाही, हे शेजारणीलाही कळता कामा नये. खोलीत बोललेलं खोलीबाहेर न्यायचं नाही, हा सगळ्यात कडक नियम. आजी घरी येऊन कुणाच्या घरचं अवाक्षर काढत नसे. आमच्या आळीत कुणाकडे शिंक आली तरी तीन घरांत कळतं; तिथे हे व्रत पाळणं म्हणजे निर्जळी उपवासापेक्षा कठीण.

काकांचं घर तिच्याकडे 'काम' म्हणून आलं होतं. त्या काळात ते प्यायचे. नुसते प्यायचे असं नाही, बुडाले होते. वाडी गहाण पडली, मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, सुटली, बायको माहेरी जाऊन-येऊन होती. आजी आणि तिची जोडीदारीण दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या ओटीवर जाऊन बसायच्या. जोडीदारीण म्हणजे पलीकडच्या आळीतली एक विधवा बाई. दोघींनीच जायचं, एकटीने नाही, हाही नियमच. लांबून येणारी ती दोन लुगडी दिसली की काका मागच्या दाराने वाडीत पळायचे. हे त्यांनीच मला नंतर हसत सांगितलं. केळीच्या गड्ड्यामागे उकिडवे बसून ते डास मारत वाट बघायचे, की या कधी जातात. आणि या जायच्या नाहीत. ओटीवर बसून रोझरीची माळ ओढत राहायच्या. एकदा अंधार पडल्यावर पाय अवघडून ते बाहेर आले, तेव्हा आजीने दारूचा 'द'ही काढला नाही. विचारलं, "विहिरीला पाणी किती आहे? आमच्याकडे पंप घसघस आवाज करतो, बघायला येशील?"

"मग सुटली?" मी विचारलं.

"छे! सोडली ती काविळीने. डॉक्टरने सांगितलं मरशील. तुझ्या आजीने काही सुटली नाही," काका म्हणाले. "राग यायचा मला त्यांचा. आपल्या ओटीवर येऊन बसतात म्हणजे काय?"

हा राग मला समजतो. कुणी न बोलावता माझ्या दारात आलं, हातात जपमाळ घेऊन 'कसं चाललंय' म्हणून बसलं, तर मी आधी दाराच्या भिंगातून बघेन आणि मग टीव्हीचा आवाज बंद करून घरात कुणी नसल्यासारखं करेन. सेवा आणि नाक खुपसणं यांच्यातली रेघ आजीला दिसत होती का, हे मी आजही खात्रीने सांगू शकत नाही. तिच्या लेखी पॅरिश म्हणजे एक मोठं घर, आणि घरातल्या माणसाच्या खोलीत शिरायला कुणी परवानगी मागत नाही. खाजगी असं काही असतं, ही कल्पना तिच्यापर्यंत कधी पोचलीच नाही. पण पोचली असती, तर काकांच्या ओटीवर त्या गुरुवारी कोण बसलं असतं, हाही प्रश्न आहेच.

लीजनचा आणखी एक नियम आहे, तो ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटतं. भेटीला जाताना पैसे, धान्य, कपडे, काही म्हणजे काहीच द्यायचं नाही. भेट ही भेटच राहिली पाहिजे. एकदा तांदूळ द्यायला लागलं की लोक तांदळाची वाट बघतात, आणि ज्याला तांदूळ नको त्याला तुमचं येणं अपमानाचं वाटतं. गरिबाला मदत करायची तर त्यासाठी पॅरिशमध्ये व्हिन्सेंट डी पॉलची मंडळी आहेत. नाव त्यांच्याकडे द्यायचं, ते चौकशी करून ठरवतील. नियम शहाणपणाचा आहे, मला तर फारच पटतो. आजीलाही पटायचा. फक्त तिला पिशव्या विसरायची सवय होती.

घरातून निघताना तिच्या हातात एक कापडी पिशवी असायची आणि परत येताना नसायची. आत अर्धी पायली तांदूळ, गुळाचा खडा, पेपरात बांधलेले सुके बोंबील. पावसाळा सरल्यावर उन्हं चांगली पडली की सुकेळी. ती करताना मी तिच्या शेजारी बसलेली आहे. पिकलेल्या राजेळी केळ्याचं साल काढायचं, कारवीच्या मांडवावर उन्हात घालायचं, संध्याकाळी आत आणायचं, पुन्हा सकाळी बाहेर. चार-सहा उन्हं लागली की केळं मधासारखं तांबूस होतं आणि बोटांना चिकटायला लागतं, मग ते हाताने दाबून, सारखं करून केळीच्या सुक्या पानात गच्च बांधायचं. कावळ्यांना हाकलणं हे माझं काम. त्या चिकट बोटांनीच आजी मध्येमध्ये माळेचा मणी पुढे सरकवायची, त्यामुळे तिची माळ कायम किंचित गोड वास मारायची. त्यातली चांगली सुकेळी निर्मळच्या जत्रेत विकायला जायची, वेडीवाकडी आम्हाला, आणि मधली 'विसरण्यासाठी'. चार दिवसांनी कुणाचं तरी पोर रिकामी पिशवी आणून द्यायचं, "आजी विसरल्या होत्या." पिशवीत बऱ्याचदा दोन घोसाळी नाहीतर मूठभर भेंड्या असत. मिटिंगात तिने पिशवीचा रिपोर्ट दिला नसणार हे उघड आहे. शनिवारी कन्फेशनला मात्र ती दर आठवड्याला जायची, तिथे काय सांगायची देव जाणे.

विसरलेल्या पिशव्या भरून कोण द्यायचं? माझी आई.

आईचा हिशोब वेगळा आहे आणि तो मांडल्याशिवाय आजीबद्दल लिहिणं हा अन्याय होईल. आजी पहाटे देवळात, मिस्साहून आली की वाडीत, दुपारी कुणाच्या तरी मयताला, संध्याकाळी भेटींना. तारुण्यात तिने भाजीच्या पाट्या घेऊन पहाटेच्या लोकलने दादर गाठलं होतं, त्यामुळे घरात बसणं तिला ठाऊकच नव्हतं. या सगळ्या वेळात चूल, पाणी, आम्ही पोरं आणि आजोबांचा दमा हे आईच्या वाट्याला. आजी घरी आली की जेवायला बसायची, पहिला घास घ्यायची आणि म्हणायची, "डाळीत मीठ कमी आहे." दररोज. आई एकदा चिडून मला म्हणाली होती, "गावाला ती मदर तेरेसा, मला सासू." एवढं बोलून तिने लगेच क्रूसाची खूण केली, कारण मदर तेरेसांना मध्ये ओढलं याचं तिलाच वाईट वाटलं.

मयताच्या घरी मात्र आजीला तोड नव्हती. देवळाची घंटा सावकाश, एकेक टोला देत वाजायला लागली की ती हातातलं काम टाकून उठायची. मी कॉलेजात असताना एकदा तिच्याबरोबर गेले, शेजारची म्हातारी बाई गेली होती म्हणून. आजीने मला बाहेर थांबू दिलं नाही. कोमट पाणी मागवलं, पदर खोचला, दार लोटून घेतलं. त्या बाईशी ती बोलत होती, अगदी नेहमीच्या आवाजात: "जरा कुशीवर वळ गं... झालं, झालं." जबड्याखालून फडक्याची पट्टी घेऊन डोक्यावर गाठ मारली, नखं कापली, केसांना तेल लावलं. हाताची बोटं आखडली होती आणि मी त्यांत माळ गुंडाळायचा प्रयत्न करत होते, ती सारखी निसटत होती. "ओढू नकोस. आधी चोळ," आजी म्हणाली. तिने तो गार हात आपल्या दोन्ही तळव्यांत धरून चोळला, थंडीत पोराचे हात चोळतात तसा, आणि बोटं खरंच हळूहळू वळली. मग तिने माळेचा क्रूस अंगठ्याखाली बसवला. "आता नाही सुटत." त्या रात्री मला जेवण गेलं नाही. आजी घरी येऊन हात धुऊन जेवायला बसली आणि अर्थातच म्हणाली, डाळीत मीठ कमी आहे.

तिची श्रद्धा कशी होती असं कुणी विचारलं तर मला नेमकं सांगता येत नाही. तिला धर्मशास्त्र येत नव्हतं. लहानपणी तिने लॅटिन लितानीला, म्हणजे संतांची नावं घेत करायच्या प्रार्थनेला, 'ओरा प्रो नोबिस' म्हणून ठोकून दिलं होतं, अर्थ विचारायची पद्धत नव्हती. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर, म्हणजे १९६०च्या दशकात मिस्सा मराठीत आली आणि वेदीकडे तोंड करून उभे राहणारे फादर लोकांकडे तोंड करून उभे राहिले. या एवढ्या मोठ्या घटनेवर आजीचं म्हणणं एकच होतं: "आता डुलकी लागली तर त्यांना दिसणार." संत गोन्सालो गार्सियाशी ती भावकीतल्या माणसासारखी बोलायची. १५९७ साली नागासाकीला क्रूसावर चढवलेला, १८६२ साली रोमने संत म्हणून जाहीर केलेला, भारतात जन्मलेला पहिला संत, हे सगळं असेल. तिच्यासाठी तो आपल्या वसईचा पोरगा. "आपल्या पाण्यावर वाढलाय, आपलं नाही ऐकणार तर कुणाचं?" मे महिन्यात आळीतल्या क्रूसापाशी रोझरी झाली की उकडलेले चणे वाटायचं काम तिच्याकडे असे, आणि ओंजळीत चणे घालताना कोण आलं नाही याची मोजदाद तिच्या डोक्यात चालू असे.

पाण्यावरून आठवलं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आमच्या विहिरींचं पाणी टँकर भरभरून बाहेर जायला लागलं, आणि एका उन्हाळ्यात आमच्या घरी चहा फाटायला लागला. आधी आईला वाटलं दूध खराब. मग कळलं, विहीर खारी झाली. हरित वसईची चळवळ उभी राहिली, फादर दिब्रिटो सभा घ्यायला लागले, आणि आजी लुगड्याच्या ओच्यात माळ खोचून मोर्चाला गेली. घोषणा द्यायला तिला लाज वाटायची, म्हणून ती मनात नमो मरिया म्हणत चालायची. तिला राजकारण कळत नव्हतं म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगेन, की नकाशावरच्या कुठल्या पट्ट्यात बिल्डर जमीन घेतोय हे तिला तलाठ्याच्या आधी कळायचं. घराघरांत फिरणाऱ्या बाईला काय कळत नाही?

आता आत्याची गोष्ट. ती टाळून पुढे जाता येत नाही. माझ्या आत्याने एका हिंदू मुलाशी रजिस्टर लग्न केलं, चर्चची परवानगी न काढता. आमच्याकडे अशी परवानगी मिळते, अर्ज करावा लागतो, फादर दोघांना समोर बसवून बोलतात. पण आत्याला कुणापुढे अर्ज करायचा नव्हता. ती स्वभावाने आजीवरच गेली आहे. त्या लग्नाला आजी गेली नाही. परक्यांच्या मयताला अनवाणी धावणारी बाई स्वतःच्या मुलीच्या लग्नाच्या दिवशी वाडीत पानवेलीला पाणी घालत राहिली. पुढे बरीच वर्षं त्या दोघी बोलत नव्हत्या. आत्याचं नाव रात्रीच्या रोझरीत यायचं, जेवणाच्या पानावर कधीच नाही. मला त्या वयात आजीचा मनापासून राग आला होता, आणि तो पुरता गेलेला नाही हेही लिहून टाकते.

काकांच्या प्रश्नाने माझी पाठ सोडली नाही, तेव्हा मी आजीच्या जोडीदारणीकडे गेले. त्या आता नव्वदीत आहेत, खाटेवर पडून असतात, कान शाबूत आहेत. मी विचारलं, आजी त्या काकांबद्दल काय सांगायची? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी त्यांच्या उशाखालचे पैसे मागितले. "मिटिंगातलं मिटिंगात," त्या म्हणाल्या. मी चहा करून दिला, थोडा वेळ बसले, त्यांच्या पायांना तेल लावलं. निघताना त्या आपणहून म्हणाल्या, "एक सांगते, ते तुमच्याच घरचं आहे म्हणून. तुझ्या आत्याकडे पहिल्यांदा गेलो ना आम्ही, तेव्हा तुझ्या आजीने ते मिटिंगात काम म्हणून मागून घेतलं होतं. उभी राहून म्हणाली, एक बाई आहे, लग्न देवळात झालेलं नाही, बरीच वर्षं कम्युनियन घेत नाही, तिची भेट मला द्या. कुणी विचारलं नाही कोण ते. सगळ्यांना माहीत होतं."

मी तसाच आत्याला फोन लावला. आत्या आधी हसली, मग गप्प झाली. "म्हणून!" ती म्हणाली. "मला तेव्हा कळेचना, ही त्या बाईला घेऊन का आली. दोघी सोफ्याच्या कडेवर बसल्या, जशा इन्शुरन्सवाल्या बसतात. आई मला विचारते, तब्येत कशी आहे, मुलं शाळेत जातात का, पाणी येतं का. घड्याळ बघून उठली."

"पिशवी विसरली का?" मी विचारलं.

"कसली पिशवी? रिकाम्या हाताने आलेली."

सगळ्या गावाच्या घरी तिने तो नियम मोडला होता आणि आत्याच्या घरी पाळला. यावर मी बराच विचार केला. मुलीला दान नको म्हणून? की घरातून पिशवी भरून घेताना आईला काय सांगायचं, हा पेच होता? की ती खरोखरच कामावर आली होती, आणि आई म्हणून यायला अजून धजत नव्हती? आत्याला मी हे काही बोलले नाही. तीच पुढे सांगत होती, "दर पंधरा दिवसांनी यायच्या. माझे सासरेही ओळखायला लागले, आल्या का तुझ्या देवळाच्या बायका म्हणायचे. मग एकदा ती एकटीच आली. जोडीदारणीला ताप होता म्हणाली. मी स्वयंपाकघरात होते, सरळ आत आली, ओट्यापाशी उभी राहिली, पळीने डाळ हातावर घेतली आणि म्हणाली, मीठ कमी आहे. तुला सांगते, मी तिथेच रडायला लागले."

हे मी आईला सांगितलं तेव्हा ती घेवडा निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"कमी नसायचंच कधी," आई म्हणाली. "तिला बीपी होतं. मी मुद्दाम बेताचं घालायचे."